एका वेबपानावरची माहिती पुढच्या पानावर कशी न्यावी : सीमाभागातील संस्थांच्या संकेतस्थळांसाठी पीएचपीचे मार्गदर्शन

कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमनी अशा बेळगाव परिसरातील गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात आणि त्यांची सारी जुळवाजुळव गावातलीच मंडळी करतात. अशा संमेलनाच्या नावनोंदणीसाठी संकेतस्थळ करायचे ठरले, की ते काम बहुधा संगणकाचे शिक्षण घेतलेल्या गावातल्याच एखाद्या तरुणाकडे किंवा तरुणीकडे येते. पहिल्या पानावर नाव, गाव, पिनकोड आणि फोन विचारायचा. दुसऱ्या पानावर कविसंमेलनात कविता वाचणार का, दुपारच्या भोजनाला किती जण असतील, स्मरणिकेच्या किती प्रती हव्यात हे विचारायचे. आणि तिसऱ्या पानावर सगळी माहिती एकत्र दाखवून ती पक्की करून घ्यायची, असा साधा आराखडा असतो. पहिले पान तासाभरात तयार होते. दुसऱ्या पानावर गेल्यावर मात्र पहिल्या पानावर भरलेले नाव तिथे नसते, आणि काम अडते ते इथे. हा लेख त्या अडलेल्या जागेविषयी आहे.

एक सूचना आधीच द्यायला हवी. या लेखात पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या संगणकभाषेतील आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाईलमध्ये ती, त्यांतील अंकांसह, नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच टंकावीत, आणि $_गेट, $_पोस्ट, $_सेशन, $_कुकी या चार संचांची नावे मोठ्या लिपीत टंकावीत.

पान विसरते का?

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी या नियमावलीनुसार एकमेकांशी बोलतात, तिच्यात प्रत्येक मागणी स्वतंत्र धरलेली आहे. ब्राउझरने पान मागितले, सर्व्हरने पीएचपीची फाईल चालवली, तयार झालेला मजकूर पाठवला आणि त्या फाईलमधील सर्व व्हेरिएबल (म्हणजे मूल्य धरून ठेवणारी नावे) त्याच क्षणी स्मृतीतून पुसली गेली. पुढची मागणी त्याच माणसाकडून, त्याच फोनवरून, दोन सेकंदांनी आली तरी ती त्याचीच आहे हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. म्हणून पहिल्या फाईलमधील $नाव दुसऱ्या फाईलमध्ये रिकामे असते; यात पीएचपीचा दोष नाही. मूल्य पुढे न्यायचे असेल तर ते कोणीतरी उचलून न्यावे लागते, आणि उचलणारे दोघेच असू शकतात : ब्राउझर किंवा सर्व्हर.

कोणती पद्धत वापरावी हा प्रश्न विचारण्यापूर्वी म्हणूनच दुसरा प्रश्न विचारावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे : हे मूल्य वापरणाऱ्याने बदलले तर चालेल का? स्वतःच्या गावाचे नाव त्याने बदलले तर काही बिघडत नाही, तो त्याचा हक्कच आहे. स्मरणिकेची किंमत त्याने बदललेली चालणार नाही. ब्राउझरच्या हाती दिलेले प्रत्येक मूल्य, मग ते पत्त्यातून येवो, फॉर्ममधून येवो वा कुकीतून (म्हणजे ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदीतून), वापरणाऱ्याला बदलता येते. जे बदलू द्यायचे नाही ते सर्व्हरवरच ठेवावे. एवढे एक सूत्र पक्के धरले, तर पुढील सर्व पद्धतींची निवड आपोआप सुटते.

पत्त्यातून पाठवणे

सर्वांत सोपी वाट म्हणजे पानाच्या पत्त्याला प्रश्नचिन्ह जोडून त्यापुढे नाव आणि मूल्य लिहिणे. दोन मूल्ये असतील तर मध्ये & हे चिन्ह येते. पुढच्या पानावर ती $_गेट या संचातून मिळतात :

$गाव = $_गेट['गाव'] ?? '';

शेवटची दोन प्रश्नचिन्हे विसरू नयेत. पत्त्यात ते मूल्य आलेच नसेल तर पीएचपी इशारा न देता रिकामी अक्षरमाला (स्ट्रिंग) घेते. ही सोय २०१५ साली आलेल्या पीएचपी ७.० पासून उपलब्ध आहे.

पत्त्यातील मूल्ये शोध, पानांचे क्रमांक, गावनिहाय याद्या यांसाठी उत्तम असतात, कारण असा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तरी समोरच्याला तेच पान उघडते. फोन नंबर, पासवर्ड किंवा घरचा पत्ता मात्र यातून कधीही पाठवू नये. पत्ता ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या नोंदवहीत राहतो आणि दुवा पुढे पाठवणाऱ्याच्या नकळत सगळ्या गटाला दिसतो.

मराठी मजकुराची पहिली अडचणही इथेच भेटते. पत्त्यात देवनागरी अक्षरे जशीच्या तशी जात नाहीत. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट % आणि दोन अक्षरे अशा रूपात लिहिली जाते. 'बेळगाव' या शब्दात मात्रा धरून ६ चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट, म्हणजे पत्त्यात ५४ अक्षरे. हे रूपांतर हाताने करू नये. दुवा तयार करताना मूल्य रॉयूआरएलएन्कोड या आज्ञेतून काढावे, किंवा अनेक मूल्ये असतील तर एचटीटीपी_बिल्ड_क्वेरी या आज्ञेला संपूर्ण संच द्यावा. पुढच्या पानावर उलट रूपांतर करण्याची गरज नसते, $_गेट मध्ये मूल्य मूळ देवनागरीतच मिळते. तिथे पुन्हा उकल केली तर % किंवा + असलेला मजकूर बिघडतो.

आपल्या भागात मात्र याहून चांगला उपाय म्हणजे गावाचे नाव न पाठवता गावाचा क्रमांक पाठवणे. एकच गाव कोणी बेळगाव लिहितो, कोणी बेळगांव, कोणी बेळगावी. २०१४ च्या नोव्हेंबरपासून सरकारी कागदपत्रांत एक रूप आणि घराघरांत दुसरे रूप आहे. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत पान दाखवायचे असेल तर नावाची रूपे आणखी वाढतात. गावांचा एक तक्ता करावा, त्यात प्रत्येक गावाला एक क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकापुढे दोन्ही भाषांतील नावे लिहावीत. पानांमधून फक्त क्रमांक फिरावा, दाखवताना त्या त्या भाषेतील नाव तक्त्यातून काढावे. पत्ता आखूड होतो, आणि एकाच गावाची तीन नावांनी तीन वेळा मोजणी होत नाही.

फॉर्ममधून पाठवणे

नाव, फोन, कवितेचे शीर्षक अशी माहिती फॉर्ममधून, पोस्ट या पद्धतीने पाठवावी. फॉर्मच्या 'ॲक्शन'मध्ये पुढच्या फाईलचे नाव आणि 'मेथड'मध्ये पोस्ट लिहिले, की प्रत्येक रकान्याचे मूल्य त्या रकान्याच्या 'नेम' या गुणधर्मानुसार $_पोस्ट मध्ये येते. नवशिक्यांचा बराच वेळ इथे वाया जातो, कारण रकान्याला 'आयडी' दिलेली असते आणि 'नेम' दिलेले नसते. अशा रकान्याचे मूल्य सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. खूण न केलेला चौकोनही काहीच पाठवत नाही, म्हणून 'कविता वाचणार' हा चौकोन रिकामा असेल तर $_पोस्ट मध्ये त्याचे नावच नसेल, हे गृहीत धरून लिहावे.

रकान्यांची आणि व्हेरिएबलची नावे देवनागरीत ठेवली तर पीएचपीला चालतात; $नाव आणि $गाव ही वैध नावे आहेत. तरीही चालू संकेतस्थळात ती रोमन लिपीत ठेवावीत, असे मी सुचवीन. उद्या हे काम मराठी न येणाऱ्या कन्नड भाषिक सहकाऱ्याच्या हाती जाऊ शकते, आणि त्यालाही ते वाचता आले पाहिजे.

जुन्या पुस्तकांत आणि महाविद्यालयांतून फिरणाऱ्या टिपणांत अजूनही असे आढळते, की फॉर्ममधील रकान्याचे नाव लिहिले की त्याच नावाचे व्हेरिएबल पुढच्या पानावर थेट तयार मिळते. ही सोय रजिस्टर_ग्लोबल्स या नावाची होती. पत्त्यात काहीही लिहून आतले व्हेरिएबल भरता येत असल्याने ती धोकादायक ठरली. २००२ साली पीएचपी ४.२ मध्ये ती मुळात बंद ठेवण्यात आली आणि २०१२ साली ५.४ मध्ये काढूनच टाकली. त्या टिपणांतील उदाहरणे आज चालणार नाहीत, आणि ती चालावीत म्हणून प्रत्येक मूल्याचे आपोआप व्हेरिएबल करणारी एक्स्ट्रॅक्ट ही आज्ञा $_पोस्ट वर वापरणे म्हणजे तोच धोका पुन्हा घरात घेणे होय.

पोस्टने पाठवलेले मूल्य पत्त्यात दिसत नाही, एवढ्यावरून ते गुप्त झाले असे समजू नये. ते वाटेत सुरक्षित राहण्यासाठी एचटीटीपीएस, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवणारी एचटीटीपी, लागते. शिवाय पहिल्या पानाची माहिती तिसऱ्या पानापर्यंत नेण्यासाठी दुसऱ्या पानावर 'हिडन' रकाने ठेवण्याची जी पद्धत सर्रास शिकवली जाते, ती नाव-गावापुरती ठीक असली तरी किमतीसाठी, सवलतीसाठी किंवा 'हा सदस्य आहे' अशा निर्णयासाठी अजिबात ठीक नाही. तो रकाना डोळ्यांना दिसत नसला तरी ब्राउझरच्या तपासणी-खिडकीत कोणालाही तो बदलता येतो. स्मरणिकेची किंमत १५० रुपये असेल तर फॉर्ममधून फक्त प्रतींची संख्या यावी. गुणाकार सर्व्हरने स्वतःकडील किमतीने करावा.

सेशन

अनेक पानांच्या नोंदणीसाठी योग्य साधन म्हणजे सेशन. पूर्वी बँकेत किंवा पतसंस्थेत पैसे काढायला गेल्यावर पासबुक आणि पावती काउंटरच्या आत राहत असे आणि आपल्या हाती फक्त क्रमांक कोरलेला पितळी बिल्ला दिला जाई; सेशनचे काम तसेच चालते. माहिती सर्व्हरवरील एका फाईलमध्ये राहते आणि ब्राउझरकडे कुकीच्या रूपाने केवळ एक लांबलचक, अंदाज न बांधता येणारी खूण जाते. या कुकीचे मुळातले नाव पीएचपीसेसआयडी असे असते.

प्रत्येक पानाच्या अगदी आरंभी सेशन_स्टार्ट() ही आज्ञा द्यावी, पहिल्या पानावर

$_सेशन['नाव'] = $नाव;

असे लिहावे, आणि तिसऱ्या पानावर तेच $_सेशन['नाव'] वाचावे. सेशन_स्टार्ट ज्या पानावर विसरले जाईल त्या पानावर संच रिकामा दिसेल.

'अगदी आरंभी' हे शब्द शब्दशः घ्यावेत. कुकी ही मजकुराच्या आधी जाणाऱ्या शीर्षभागातून जाते, त्यामुळे सेशन सुरू होण्यापूर्वी एक मोकळी जागा जरी पाठवली गेली तरी 'हेडर्स ऑलरेडी सेंट' असा इशारा येतो. मराठी मजकुरासाठी फाईल यूटीएफ-८ मध्ये साठवणे आवश्यक असते, आणि काही संपादक तशी साठवण करताना फाईलच्या सुरुवातीला बीओएम नावाचे तीन अदृश्य बाइट घालतात. पीएचपी ते बाइट मजकूर म्हणून पाठवते आणि पहिल्या ओळीवर काहीही चूक दिसत नसताना हा इशारा येत राहतो. संपादकात साठवणीचा पर्याय 'यूटीएफ-८, बीओएमशिवाय' असा आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

सेशनमध्ये माहिती किती वेळ राहते, हेही ठाऊक असावे. सेशन.जीसी_मॅक्सलाइफटाइम या मांडणीचे मूळ मूल्य १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे असते. तेवढा वेळ हालचाल झाली नाही तर ती फाईल जुनी ठरते आणि पुढच्या साफसफाईत पुसली जाऊ शकते. खानापूर तालुक्यात जांबोटी किंवा कणकुंबीच्या बाजूला, विशेषतः पावसाळ्यात, नेटवर्क जात-येत असते. तिथला माणूस पहिले पान भरून कविता शोधायला उठला आणि अर्ध्या तासाने परतला तर त्याचा अर्धवट अर्ज नाहीसा झालेला असेल. म्हणून ही मुदत दोन तासांची करावी, आणि सामायिक होस्टिंग असेल तर सेशनच्या फाईली ठेवण्याची स्वतंत्र जागा, जनतेला दिसणाऱ्या फोल्डरच्या बाहेर, ठरवून द्यावी. नाहीतर त्याच जागेत फाईली ठेवणाऱ्या दुसऱ्या संकेतस्थळाची मुदत कमी असल्यास त्याची साफसफाई आपल्याही फाईली पुसून टाकते.

कार्यकर्त्यांसाठी लॉगिन असेल तर पासवर्ड जुळल्याक्षणी सेशन_रीजनरेट_आयडी ही आज्ञा 'ट्रू' या मूल्यासह द्यावी, म्हणजे जुनी खूण कोणाच्या हाती असली तरी ती निकामी होते.

एकच फोन, अनेक अर्ज

आपल्याकडच्या वापराची एक खास बाजू पाठ्यपुस्तकांत येत नाही. शहरी उदाहरणांत एक माणूस, एक फोन, एक अर्ज असे गृहीत धरलेले असते. गावात मात्र वाचनालयात बसलेला एक कार्यकर्ता आपल्या फोनवरून पाठोपाठ चाळीस जणांची नावे भरतो, किंवा दोन खिडक्या उघडून एकीत एका घराची आणि दुसरीत दुसऱ्या घराची माहिती घेतो. सेशन एकाच ब्राउझरचे असल्याने दोन्ही खिडक्यांना तेच $_सेशन['नाव'] मिळते, आणि दुसऱ्या खिडकीत भरलेले नाव पहिल्या अर्जावर चढते. अशी सरमिसळ लगेच लक्षात येत नाही, कारण पान कोणताही इशारा देत नाही. ती संमेलनाच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर उघड होते.

यावरचा उपाय असा. पहिले पान उघडताना प्रत्येक अर्जासाठी एक वेगळी खूण तयार करावी :

$खूण = बिन२हेक्स(रँडम_बाइट्स(१६));

ही ३२ अक्षरांची खूण होते. ती फॉर्ममध्ये 'हिडन' रकान्यातून पानापानांतून न्यावी, आणि माहिती मात्र सेशनमध्ये त्या खुणेच्या कप्प्यात ठेवावी, म्हणजे $_सेशन['अर्ज'][$खूण]['नाव'] अशी. दोन खिडक्यांच्या दोन खुणा आणि दोन कप्पे होतात, आणि एकाची माहिती दुसऱ्यात जात नाही. आलेली खूण सेशनमध्ये नसेल तर पान पुढे न नेता वापरणाऱ्याला नम्रपणे पहिल्या पानावर परत पाठवावे.

या एका खुणेने आणखी दोन कामे होतात. दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावरील लपवलेला फॉर्म आपल्या कार्यकर्त्याच्या नावाने आपल्याकडे माहिती धाडू पाहील, तर त्याला ही खूण ठाऊक नसल्याने ती मागणी फेटाळली जाते. आणि नेटवर्क मंद असताना 'पक्के करा' हे बटण दोनदा दाबले गेले, तरी नोंद एकदाच व्हावी यासाठी डेटाबेसच्या तक्त्यात खुणेचा रकाना 'युनिक' ठेवावा; दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो. ही दुसरी काळजी कमी महत्त्वाची वाटेल, पण भोजनाची पाने किती मांडायची याचा हिशेब त्याच नोंदींवरून होणार असतो.

नोंद पूर्ण झाल्यावर त्या खुणेचा कप्पा अनसेट या आज्ञेने रिकामा करावा. आधीच्या माणसाचा फोन नंबर पुढच्या माणसाच्या अर्जात आपोआप भरलेला दिसणे ही केवळ गैरसोय नसून त्याच्या खासगीपणाचा भंग आहे.

नोंदीनंतर पुढच्या पानावर जाणे

पोस्टने आलेली माहिती साठवून त्याच फाईलमधून 'धन्यवाद' असा मजकूर दाखवला, तर वापरणाऱ्याने पान ताजे केल्यावर ब्राउझर तीच माहिती पुन्हा पाठवतो. म्हणून साठवण झाल्यावर हेडर या आज्ञेने ३०३ या संकेतांकासह ब्राउझरला दुसऱ्या पानाकडे वळवावे आणि लगेच पुढच्या ओळीत एक्झिट लिहावे. एक्झिट न लिहिल्यास ब्राउझर पुढे गेला तरी सर्व्हरवर उरलेली फाईल चालतच राहते. लॉगिन नसलेल्याला बाहेर वळवणाऱ्या पानावर हीच एक ओळ राहिली, तर आतली सगळी माहिती त्याला पाठवली जाते.

'धन्यवाद' पानाला नोंदणीचा क्रमांक कळवायचा असेल तर तो पत्त्यातून पाठवू नये. पत्त्यात २५ दिसले की कोणीही २६ लिहून पाहतो आणि दुसऱ्याचे नाव, गाव, फोन त्याच्यापुढे उघडतो. क्रमांक सेशनमध्ये ठेवावा, 'धन्यवाद' पानावर एकदा दाखवावा आणि लगेच पुसावा.

भाषेची निवड आणि कुकी

मराठी की कन्नड, ही निवड वापरणाऱ्याने एकदा केली की पुढच्या महिन्यातही लक्षात राहावी, असे वाटणे योग्य आहे, आणि कुकीचा खरा उपयोग अशाच गोष्टींसाठी आहे. सेटकुकी या आज्ञेला नाव, मूल्य आणि पर्यायांचा संच द्यावा. मुदत, 'सिक्युअर', 'एचटीटीपीओन्ली' आणि 'सेमसाइट' हे पर्याय संचाच्या रूपात देण्याची सोय पीएचपी ७.३ पासून आहे. ज्या मागणीत कुकी पाठवली त्याच मागणीत ती $_कुकी मध्ये दिसत नाही, पुढच्या मागणीपासून दिसते; म्हणून भाषा बदलण्याचे बटण दाबल्यावर त्या पानापुरते नवे मूल्य व्हेरिएबलमधूनच वापरावे. एका कुकीत साधारण ४ किलोबाइटपेक्षा जास्त माहिती मावत नाही, आणि तिच्यात भाषेच्या निवडीपलीकडे फारसे काही ठेवूही नये.

कुकीतून किंवा पत्त्यातून आलेली भाषा थेट फाईलच्या नावात जोडून ती फाईल इन्क्लूड करू नये. तिथे भाषेऐवजी सर्व्हरवरील दुसऱ्याच फाईलची वाट लिहिता येते. मान्य भाषांचा संच आपण स्वतः लिहावा, इन_अ‍ॅरे या आज्ञेने काटेकोर तुलना करून आलेले मूल्य त्यात आहे का ते पाहावे, आणि नसेल तर मराठी धरावे.

देवनागरी अंक, लांबी आणि तपासणी

आता ज्या भागाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते तो भाग. मराठी कळफलक वापरणारा माणूस फोन नंबर आणि पिनकोड देवनागरी अंकांत लिहितो, आणि त्यात त्याची काहीही चूक नाही. पीएचपी मात्र '१२' या अक्षरमालेला संख्या मानत नाही. तिचे पूर्णांकात रूपांतर केले तर शून्य मिळते. बारा जणांच्या भोजनाची नोंद अशी शून्यावर येते, आणि कुठेही इशारा दिसत नाही. यात एक सूक्ष्म सापळा आहे : मजकूर नमुन्याशी जुळवून पाहणाऱ्या प्रेग_मॅच या आज्ञेत यूटीएफ-८ साठीची 'यू' ही खूण लावली असेल तर अंक दर्शवणारे 'डी' हे चिन्ह देवनागरी अंकांनाही अंक म्हणून मान्य करते. म्हणजे तपासणीत १२ उत्तीर्ण होते आणि त्यापुढच्या ओळीत त्याचे शून्य होते.

यासाठी माहिती स्वीकारताना पहिल्याच पायरीवर देवनागरी अंकांचे रोमन अंकांत रूपांतर करावे. दहा अंकांच्या दहा जोड्यांचा संच करून तो एसटीआरटीआर या आज्ञेला द्यावा. कन्नड अंकांच्या दहा जोड्याही त्याच संचात घालाव्यात. या आज्ञेचे दुसरे रूप, ज्यात दोन समांतर अक्षरमाला दिल्या जातात, ते एकेक बाइट बदलते आणि ३ बाइटांचे देवनागरी अंक मोडून टाकते, म्हणून जोड्यांचा संचच वापरावा. रूपांतरानंतर 'शून्य ते नऊ' असा स्पष्ट पल्ला लिहून तपासणी करावी : मोबाइलसाठी १० अंक, पिनकोडसाठी ६. पिनकोड ५९ नेच सुरू व्हावा अशी अट घालू नये. बेळगाव ५९०००१, खानापूर ५९१३०२, निपाणी ५९१२३७ हे खरे, पण अशा संमेलनाला महाराष्ट्रातील चंदगडचे लोकही येऊ शकतात आणि त्यांचा पिनकोड ४१६५०९ असतो. त्याच कारणाने राज्याचे नावही आधीच भरून ठेवू नये.

नावाची लांबी मोजताना एसटीआरलेन ऐवजी एमबी_एसटीआरलेन वापरावे. पहिली आज्ञा 'बेळगाव'साठी १८ सांगते, दुसरी ६. ओळखपत्रासाठी नाव आखूड करताना साधी सबस्ट्र ही आज्ञा अक्षराच्या मध्येच कापू शकते. असा तुटलेला मजकूर पुढे एचटीएमएलस्पेशलचार्स या आज्ञेला दिला, तर पीएचपी ८.१ पूर्वीच्या आवृत्त्यांत ती मुळातच रिकामी अक्षरमाला परत देते, म्हणजे शेवटचे अक्षरच नव्हे तर संपूर्ण नाव पानावरून गायब होते. एमबी_सबस्ट्र वापरल्यास चिन्ह मधोमध तुटत नाही.

पानावर दाखवताना प्रत्येक आलेले मूल्य एचटीएमएलस्पेशलचार्स मधून काढावे, मग ते सेशनमधून आलेले असले तरी. सेशनमधले मूल्यही मुळात कोणीतरी फॉर्ममध्येच टंकलेले असते. डेटाबेसमध्ये साठवताना मूल्ये आज्ञेच्या मजकुरात जोडू नयेत. पीडीओ या डेटाबेसशी बोलणाऱ्या पीएचपीच्या साधनाची 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' वापरून ती वेगळी पाठवावीत, आणि जोडणीतच यूटीएफ८एमबी४ हा अक्षरसंच लिहावा, म्हणजे मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येत नाहीत.

संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी ते स्वतःच्या संगणकावर एकदा चालले म्हणून थांबू नये. फोनवर मराठी कळफलक लावून देवनागरी अंकांत संपूर्ण अर्ज भरून पाहावा. दोन खिडक्यांत दोन वेगळ्या घरांची माहिती एकाआड एक भरावी. तिसऱ्या पानावरून मागे येऊन गाव बदलावे आणि नवेच गाव पुढे जाते ना ते पाहावे. पहिले पान न भरता दुसऱ्या पानाचा पत्ता थेट टंकून उघडावा. 'हिडन' रकान्यातील खूण बदलून पाठवावी. 'पक्के करा' दाबताच विमान मोड लावावा, नेटवर्क परत आल्यावर पुन्हा तेच बटण दाबावे, आणि मग डेटाबेसमध्ये त्या नावाची नोंद एकच आहे याची खात्री करून घ्यावी.